पाण्याखालचं वावर

फाल्गुन लागला की रविवारी मी घरात सापडत नाही. साडेपाचला उठते, चहा थर्मासात भरते, दुर्बीण गळ्यात अडकवते आणि स्कूटी ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत नेते, कारण अंगणात सुरू केली तर सगळी गल्ली जागी होते. नवरा पांघरुणातूनच म्हणतो, "बदकांना माझा नमस्कार सांग." वीस वर्षांत त्याने बदकं काही सोडली नाहीत. मी बगळे पाहायला गेले तरी बदकं, घार पाहायला गेले तरी बदकंच. मीही आता त्याला दुरुस्त करत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं पक्षिज्ञान वाढवायला जाऊ नये.

मी दुसरबीडजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिथल्या एका लहानशा धरणावर वडिलांनी मला पहिल्यांदा खंड्या दाखवला, आणि तेव्हापासून पाणी दिसलं की मान आपोआप तिकडे वळते. बसमधून जाताना बीबी गावाच्या अलीकडचा पाझर तलाव येतो, तेव्हा खिडकीच्या जागेसाठी मी अजूनही भांडते. पण माझं म्हणावं असं पाणी एकच, आमच्यापासून अर्ध्या तासावरचं धरण. त्याच्या भिंतीकडे सहलीवाले जातात. मी जाते मागच्या बाजूला, जिथे पाणी शेतांमध्ये शिरून पसरट होतं आणि रस्ता चिखलात जाऊन संपतो.

वसंतातली तिथली सकाळ मला धड सांगता येत नाही. सात वाजेपर्यंत पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळतच नाही. सगळं एकाच फिक्या रंगाचं असतं, आणि तो रंग मुलांच्या बारा रंगांच्या पेटीत नसतो. मी तो कागदावर आणायचा नाद केव्हाच सोडला. त्या रंगात मग काही ठिपके हलायला लागतात. तलवार बदकं असतात, थापटे असतात, उथळ पाण्यात लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे असतात. काठावरच्या पळसांवर गुलाबी अंगाच्या भोरड्यांचा थवा उतरला की फुलं आणि पक्षी यांची गल्लत होते आणि सगळं झाड बोलत असल्यासारखं वाटतं. पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस, फाल्गुनात निघायच्या तयारीत असतात. आमच्याकडचा हरभरा खाऊन धष्टपुष्ट झालेले हे पाहुणे एका सकाळी उठतात, वर वर जातात, दिसेनासे होतात, आणि त्यांचा आवाज तेवढा मागे थोडा वेळ राहतो. मी तो संपेपर्यंत उभी असते. कितीदा चहा तसाच गार झाला आहे.

पाणी रोज थोडं मागे सरत असतं. दर रविवारी काठ पुढे गेलेला, आणि मागे ओला, मऊ, काळपट गाळ उघडा पडलेला. या गाळावर लोक पेरतात. टरबूज, काकडी, वाळूक, कुणी भुईमूग. त्याला गाळपेर म्हणतात. जमीन कागदावर सरकारची, पण गावाचा एक रिवाज आहे. धरणात ज्याचं वावर बुडालं ते उघडं पडलं, तर तिथे पहिलं बी त्याच घरचं पडतं. दुसरं कुणी त्यात पाय ठेवत नाही, निदान विचारल्याशिवाय तरी नाही. हा रिवाज मला माहीत होता. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला सवलत मिळायला नको.

ज्यांना मी मावशी म्हणते त्यांची न् माझी ओळख याच गाळात झाली. शब्दशः. एका शेकाट्याच्या मागे मी पुढे पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एक चप्पल खाली कुठेतरी राहिली. हाका माराव्या की नको, अशा लाजेत मी उभी होते, तेवढ्यात काठावरून आवाज आला.

"बाई, हालू नोका. जितकं हालसान तितकं खाली जासान."

सत्तरीच्या, काटक, नऊवारीचा ओचा वर खोचलेल्या एक बाई आडव्या फांदीवर फांदी टाकत माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी मला मुळा उपटावा तसं उपटून काढलं. मग खाली बसून पोट धरून हसल्या. मीही हसले. चप्पल काही सापडली नाही. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या टोपलीतली वाळकं दिली, आणि मी त्यांना दुर्बिणीतून पाणकावळा दाखवला. "लयच जवय आला बे हा," असं म्हणून त्यांनी हात पुढे करून त्याला पकडायला पाहिलं. 'जवळ'चं 'जवय', 'गाळा'चं 'गाया', अशी त्यांची बोली. तेव्हापासून वसंतातले रविवार आमचे दोघींचे झाले.

मावशी तिथे पाखरांसाठी येत नव्हत्या. त्या त्यांचं वावर पाहायला येत. पाण्यात बोट दाखवून सांगत, "थे तिकडं. दीड एक्कर." मला नुसतं पाणी दिसे. त्यांना बांध दिसे, बांधावरची बाभूळ दिसे, विहिरीची वाट दिसे. सासऱ्यांनी दुसऱ्याच्या घरी वर्षानुवर्षं सालदार राहून ती जमीन घेतली होती. त्यांच्या घराण्यात जमीन या शब्दापुढे 'आपली' हा शब्द लागला तो तेव्हा पहिल्यांदा. मावशी लग्न होऊन आल्या आणि त्याच वावरात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मग धरण झालं. मोबदला आला, तो घरात आणि आजारपणात गेला. मुलगा संभाजीनगरला कंपनीत लागला. वावर पाण्याखाली राहिलं.

राहिलं, असं त्या म्हणत. गेलं, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

ते उंचवट्यावर होतं म्हणून पाणी फार खाली गेलं की ते वर यायचं. पण तसं साल क्वचित. धरण झाल्यापासून तीनदा आलं होतं, आणि तिन्ही वेळा त्यांनी पेरलं होतं. पहिल्या वेळी नवरा होता. नंतर एकट्यांनी. "आपल्या वावरातलं वायूक अन् दुसऱ्याच्या गायातलं वायूक, सवादात फरक पडते," त्या म्हणायच्या. मी हसून सोडून द्यायचे. आता हसत नाही.

मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्याच्या आधीचा पावसाळा हलका गेला होता. गावात नळाचे दिवस कमी झाले, जो तो आभाळाकडे पाहून हात टेकत होता, आणि आम्ही दोघी मात्र मनातून खूश होतो. बोलून दाखवत नव्हतो. पाणी झपाट्याने उतरत होतं. होळीच्या आधीच्या रविवारी मावशींनी माझा दंड घट्ट धरला. पाण्याच्या मधोमध एक काळी पाठ वर आली होती, म्हशीची असावी तशी.

"आलं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी पाखरांकडे पाहत असल्यासारखं केलं.

पुढच्या रविवारी ती पाठ रुंद झाली, आणि तिच्यापासून काठापर्यंत चिखलाची एक वाट उघडी पडली. मावशींनी बियाणं आधीच काढून ठेवलं होतं. वाळूक, टरबूज, आणि कडेने थोडी गवार. पण वाट अजून पायाखाली दबत होती, आणि संभाजीनगरला नातीचं बारसं होतं. "आठ दिवसात येतो. तवपावतर वाट बी वायते. गायाले ओल पंधरा दिस राह्यते, त्याच्या मंधात बी पडलं पायजे. मंग त्याचा दगड होते," त्या म्हणाल्या. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. चौथ्यांदा आलेलं वावर, आणि त्यांच्या वयाला पाचव्यांदाची खात्री नव्हती. हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळत होतं. सगळं कळत होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटी गेले. वाट वाळली होती. त्या उंचवट्यावर पाय ठेवला आणि डोक्यावर एकदम कल्लोळ उठला. नदी सुरय! राखी पाठीचे, पिवळ्या चोचीचे, डोक्यावर काळी टोपी घातलेले, अगदी डोक्याजवळून झेप घेऊन परत वर जाणारे. इतकी वर्षं मी त्यांना पाण्यावरून जाताना पाहिलं होतं. त्यांचं घर कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं घर म्हणजे उघड्या मातीतली एक वाटी, तिच्यात दोन-तीन अंडी, मातीच्याच रंगाची. मी श्वास धरून पाऊल उचलत होते. एक घर, दुसरं, तिसरं. कडेला टिटवीचीही चार अंडी, टोकं आत वळवून मांडलेली. एकूण अकरा घरटी झाली. मी खाली बसले. वरती पांढरे पंख, खाली अंडी, चारी बाजूंनी ते फिकं पाणी. ऊन अजून कोवळं होतं. मी जागी आहे की नाही, असं मला खरंच वाटलं. आयुष्यात मोजक्या वेळा इतकं सुख झालं असेल.

आणि मग मला काळजी लागली. शेळ्या येतील. कुत्री येतील. सहलीवाले सेल्फी काढत चालत येतील आणि पायाखाली काय आहे ते त्यांना कळणार नाही. मी तशीच स्कूटीवर बसून शाळेत गेले. मैदानावर पट्टे आखायला आणलेला चुना होता. फलक रंगवायला आणलेला लाल ऑइल पेंट होता. ब्रश तर माझे मलाच पुरून उरतात. दुपारपर्यंत मी प्रत्येक घरट्यापासून दोन हात लांब एकेक मोठा दगड ठेवला, त्याला चुना फासला, आणि वर लाल रंगात आकडा काढला. एक ते अकरा. आकडे घातले कारण वहीत प्रत्येक घरट्याची नोंद ठेवायची होती. आणि काढले ते नीट काढले. चित्रकलेची बाई आहे मी, मला वाकडा आकडा सहन होत नाही. सातचा तर फारच सुंदर जमला. लांब उभं राहून मी त्याच्याकडे पाहिलंही.

फोटो पक्षिमित्रांच्या ग्रुपवर टाकला. अंगठेच अंगठे आले. कुणी तरी लिहिलं, हे खरं काम. मी तो निरोप दिवसभरात चार वेळा उघडून वाचला.

पुढचे दोन रविवार माझे असे गेले की आठवले तरी डोळे मिटावेसे वाटतात. मी काठावर, लांब, दगडाला टेकून बसायचे. सुरय मासा चोचीत धरून यायचा आणि बसलेल्या मादीला भरवायचा. उन्हात मादी उठून पोट पाण्यात भिजवून यायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची. पिल्लं बाहेर आली ती मातीच्या ढेकळांसारखी होती, नुसती चालायला लागल्यावर कळत. कडुलिंबाचा मोहोर काठापर्यंत वास पाठवत होता. मावशी आल्या नव्हत्या. बारसं लांबलं असेल, असं मी मनात म्हटलं. खरं सांगायचं तर मी तेवढाही विचार केला नाही. कुणी बोलणारं नव्हतं, हे मला बरंच वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी जाळं गुंडाळत असलेला एक मासे धरणारा माझ्याजवळ तंबाखू मळत उभा राहिला. मी सहज विचारलं, "या वर्षी मावशी आल्या नाहीत पेरायला?"

"आलती ना बुढी. तीन हप्ते झाले. मंगयवारी." त्याने हनुवटीने उंचवटा दाखवला. "बियाचं गठुडं होतं डोक्शावर, हाती इळा. तथी गेली, गोट्याइपाशी बसली जराशीक, अन् वापस फिरली. मले म्हने, सरकारनं पुन्हा मोजलं. नंबर टाकेल हायेत."

मी उठले आणि स्कूटी मावशींच्या गावाकडे वळवली.

धरणासाठी जमिनी घेतल्या तेव्हा मी या भागात नव्हते. पण हे मी ऐकलं होतं, मावशींच्याच तोंडून ऐकलं होतं. मोजणीवाले आले, बांधाच्या दगडांना चुना लावला आणि त्यावर लाल रंगाने नंबर घातले. घरांच्या भिंतींवरही घातले. ज्या दगडावर नंबर पडला त्याच्या आतलं सगळं गेलं. त्या गावांमध्ये पांढऱ्या दगडावरचा लाल आकडा म्हणजे काय, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही वाचता येतं. मला वाचता आलं नाही. मी तो काढत होते.

मावशींचं घर गावाच्या टोकाला, नव्या वस्तीत. दारावर निळं तोरण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या. मला पाहून त्यांना आनंद झाला, तेच सगळ्यात वाईट होतं. पाणी दिलं, नातीचा फोटो दाखवला, नाक कुणासारखं ते विचारलं. मी फोटो हातात धरून म्हणाले, "मावशी, ते दगड मी ठेवले."

"कोनते?"

"तुमच्या वावरातले. चुना मी लावला. आकडे मी टाकले. पक्ष्यांची अंडी होती, त्यांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून."

एक कावळा बाजेवर उतरला. त्यांनी त्याला हात हलवून उडवलं, एक कुरडई सरळ केली, मग माझ्याकडे वळल्या.

"तुमी?"

"हो."

"मी तं समजली मोजनीवाले आले."

"मग मला फोन करायचा ना. कुणाला तरी विचारायचं." हे बोलताना माझा आवाज चढला होता. चूक माझी, आणि आवाजही माझाच चढलेला. आजही त्याची लाज वाटते.

"काऊन इचारू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तवा इचारलं होतं. माह्या मालकानं लय चकरा मारल्या. नंबर पडला म्हनजे पडला, सायब म्हने. एक डाव इचारून पाह्यलं ना बाई. आता डबल कोनाले इचारनार?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमीच इचारलं असतं तं. मी काय अंडे तुडवनार होती? तिन्ही डाव पेरलं, तिन्ही डाव टिटवी होती, ते कायी टोपीवाले बी होते. त्याइच्या भोवतालून दोन हात सोडून आळे करतो मी. तितके दिस त्याइचं बी वावर राह्यते ते."

बियाण्याचं विचारलं तर ते त्यांनी शेजारणीला देऊन टाकलं होतं. घरात ठेवून पाहवेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघी तिथे गेलो. मी नवं बियाणं आणलं होतं, बादली आणली होती, घासायचा ब्रश आणला होता. मावशींनी उंचवट्यावर चढून चपला काढल्या. विळ्याचं टोक मातीत खुपसलं. ते आत गेलं नाही. गाळ वाळून त्याला चार चार बोटं रुंद भेगा पडल्या होत्या. त्यांनी दोन-तीन जागी खुपसून पाहिलं, मग विळा बाजूला ठेवून दिला.

"मी पाणी आणून घालते," मी म्हणाले. "कॅन आणते. रोज येते शाळेआधी."

"हे काय कुंडी हाय का, बाई?" त्या हसल्या. खरंच हसल्या, आणि त्यामुळे मला आणखी मेल्यासारखं झालं.

मी बादलीने पाणी आणून दगड घासायला बसले. पिल्लं बहुतेक काठाकडे गेली होती. एक टिटवी तेवढी अजून बसून होती आणि आमच्या नावाने ओरडत होती. चुना लगेच निघाला. आकडे निघाले नाहीत, ऑइल पेंट होता. घासून घासून माझ्या बोटांची सालं गेली आणि चुना गेल्यामुळे ते लाल आकडे काळ्या दगडावर जास्तच उठून दिसायला लागले. मावशी सातच्या दगडाजवळ बसल्या होत्या. त्यांनी आकड्यावरून अंगठा फिरवला, वरून खाली, मी ब्रश फिरवला होता तसा.

"अक्षर लय झकास हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "त्या सायबाचं बी असंच होतं."

मी दगड उलटे करून ठेवले. तेवढंच करण्यासारखं उरलं होतं. त्या म्हणाल्या, बसा आता, आणि आम्ही त्यांच्या वावरात बसून राहिलो. समोर पाणी फिकं पडत चाललं होतं. एक पिल्लू भेगेतून धडपडत बाहेर आलं आणि त्यांच्या पायाजवळून पाण्याकडे पळालं. त्यांनी पाय आखडून घेतला. "मातीचंच हाय जसं," म्हणाल्या, आणि ते पाण्याला लागेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिल्या.

त्या वर्षी पाऊस धो धो पडला. धरण भरलं, गावाने गुलाल उधळला, मीही इतरांसारखी भिंतीवर जाऊन पाणी पाहून आले. सगळ्यांना आनंद झाला होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यानंतरचा वसंत आला तेव्हा पाणी उतरलं नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला.

या फाल्गुनात आम्ही दोघी पुन्हा मागच्या काठावर बसलो होतो. मावशींना आता काठी लागते. मी स्कूटीवर त्यांना मागे बसवून नेते, आणि त्या वाटेत मला गाडी हळू चालवायला सांगत असतात. सकाळ अशी होती की पाण्याला पृष्ठभाग आहे हेच विसरावं. वावर होतं तिथे, बरोबर त्याच्या वर, पट्टकदंबांचा थवा तरंगत होता. चाळीसेक असतील. हलत नव्हते, आवाज करत नव्हते. मी दुर्बीण मांडीत ठेवून तशीच पाहत होते. मला वाटलं, मावशीही पाहत असतील.

"पुढच्या साली पानी उतरलं," त्या म्हणाल्या, "तं पयले मले सांगसान?"

"सांगेन."

"तुमची पाखरं बसेल असली तरी?"

मला उत्तर माहीत होतं. एकच असू शकत होतं. पण डोळ्यांपुढे ती सकाळ आली, ते अकरा संसार आणि डोक्यावरचे ते पांढरे पंख, आणि मी क्षणभर थांबले. अगदी क्षणभर.

"असली तरी," मी म्हणाले.

मावशींनी मान हलवली. हंस एकदम उठले आणि आमच्या डोक्यावरून उत्तरेकडे गेले. त्यांचा आवाज संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "टाइम लागला तुमाले, बाई."

मी हो म्हटलं.